पेटी दृष्टिपथात असावी

मध्य प्रदेशच्या सरकारी दफ्तरात शून्य लिहीत नाहीत. शून्य फार उघडंबोडकं दिसतं. तिथे 'निरंक' लिहितात. प्रलंबित प्रकरणं किती? निरंक. तक्रारी किती? निरंक. शब्द असा भरदार, की काहीच नाही हे वाचूनसुद्धा माणसाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटावं.

अच्युतराव पांढरीपांडे या शब्दाचे भोपाळमधले ज्येष्ठ उपासक. आजोबा छप्पन साली नागपूरहून फायलींच्या ट्रंकांबरोबर भोपाळला आले, वडिलांनी त्या फायली वाढवल्या आणि अच्युतरावांनी त्यांना नीट फिती बांधल्या. सध्या ते राज्याच्या मानवाधिकार शिक्षण व धोरण संस्थेत उपसंचालक होते. संस्थेची कामं तीन. सरकारी माणसांना माणसांचे हक्क शिकवणं, सरकारला त्याबाबत धोरण सुचवणं, आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहांतून येणाऱ्या तक्रारींचं तिमाही विवरण तयार करणं. पहिली दोन कामं अवघड असल्यामुळे संस्था मुख्यतः तिसरं करत असे.

विवरण मात्र देखणं असे. डावीकडे पंचावन्न जिल्हे, उजवीकडे पंचावन्न निरंक. चौदा वर्षांत एकदाच मधे एक आकडा आला होता. चौकशीअंती ती तक्रार नसून किराण्याची यादी निघाली.

अच्युतरावांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले असताना संस्थेला नव्या महासंचालक आल्या. डॉ. रत्नप्रभा मेश्राम. मूळच्या भंडाऱ्याच्या, उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या. पंचवीस वर्षं चार राज्यांतल्या पोलिसांना, मास्तरांना आणि तुरुंगाधिकाऱ्यांना मानवी हक्क शिकवण्यात गेली होती, आणि तरीही बाई हसतमुख राहिल्या होत्या. अच्युतरावांना हे तेव्हाच संशयास्पद वाटलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी दोन हुकूम सोडले. एक, प्रशिक्षणात जेवणापूर्वी कोणीही 'मानवाधिकार' हा शब्द उच्चारायचा नाही. "तो शब्द ऐकला की अधिकारी सावरून बसतो," त्या म्हणाल्या, "आणि सावरून बसलेला माणूस काही शिकत नाही." दुसरा हुकूम, चौदा वर्षांची विवरणं आणा.

अच्युतरावांनी ती स्वतः नेली. लाल फितीत, कडेला कड जुळवून. बाईंनी तासभर चाळली आणि चष्मा काढला.

"अच्युतराव, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मंडळी, मॅडम. अवधपुरीला. मुलगा निखिल पुण्यात."

"वहिनींच्या तुमच्याबद्दल तक्रारी किती? रोजच्या."

अच्युतरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सहा-सात. रविवारी थोड्या जास्त."

"दोन माणसांत रोज सहा-सात. आणि इथे एकेका वसतिगृहात ऐंशी मुली, तीन महिने, निरंक." बाईंनी विवरणावर बोट ठेवलं. "हे काहून हो? तिथे देव राहतात की भीती?"

या प्रश्नासाठी विवरणात रकाना नव्हता.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी जीप काढायला लावली. निरंकांमधलं एक निरंक त्यांनी डोळे मिटून निवडलं होतं, एका जिल्ह्याच्या पार टोकाचं वसतिगृह. शेवटच्या वळणावर ड्रायव्हर अशोकने गाडी थांबवली. "मैडम, आगे रोड नहीं है। सिर्फ़ टेंडर है।" उरलेला दीड किलोमीटर सगळे चालले.

वसतिगृहात झेंडूच्या माळा होत्या, रांगेत उभ्या केलेल्या मुली होत्या, स्वागतगीत होतं. अधीक्षिकाबाईंनी चहा दिला, आणि तो चहा म्हणजे पाकच होता. दोन घोट घेऊन मेश्रामबाई "हात धुऊन येते" म्हणून जागेवरून उठल्या त्या थेट मागच्या अंगणात मुलींबरोबर डाळ निवडायला बसल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या तेव्हा अच्युतराव व्हरांड्यातल्या तक्रारपेटीचं निरीक्षण करत होते. पेटी स्वच्छ होती, रंग ताजा होता, कुलूप कंपनीचं होतं. अधीक्षिकेच्या खोलीच्या दाराला अगदी लागून ती भिंतीवर बसवली होती.

"छान आहे ना?" बाई म्हणाल्या. "एक काम करा. त्यात एक तक्रार टाका."

"कसली, मॅडम?"

"खरी. काहीही."

अच्युतरावांनी खिशातून कागद काढला आणि लिहिलं, 'चहा फार गोड होता.' घडी घातली. पेटीकडे चार पावलं टाकली. पाचवं पडेना. खोलीतून अधीक्षिका बघत होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून स्वयंपाकीण बघत होती. फाटकातून चौकीदार बघत होता. कोणी काही बोलत नव्हतं, नुसते बघत होते, अगदी अदबीनं. अच्युतराव राजपत्रित अधिकारी होते, वय वर्षं साठ पुरी. त्यांनी पेटीवरची धूळ, जी नव्हतीच, रुमालाने पुसली आणि कागद गुपचूप खिशात परत ठेवला.

मग त्यांना पेटीशेजारची चौकट दिसली. काचेमागे परिपत्रक. 'पेटी प्रमुख जागी, अधीक्षकांच्या दृष्टिपथात असावी. किल्ली अधीक्षकांच्या ताब्यात राहील.' खाली सही. सही वळणदार होती, 'पां'वरचा अनुस्वार तर मोत्यासारखा. ती त्यांचीच होती.

चौदा वर्षांपूर्वी कुठल्याशा वसतिगृहात स्वयंपाकिणीने तक्रारपेटी मीठ ठेवायला नेली होती, आणि तपासणी पथकाने 'पेटी गहाळ' असा शेरा मारला होता. शेरा म्हटला की अच्युतराव रात्री उठून फायली चाळायचे. पेटी पुन्हा म्हणून हरवू नये, तिच्यावर सतत कोणाची तरी नजर असावी, या एकाच तळमळीने त्यांनी ते परिपत्रक लिहिलं होतं. पेटी खरोखरच कुठे हरवली नाही. मुलींपासूनसुद्धा ती सुरक्षित राहिली.

बाईंनी चौकट वाचली. सहीसुद्धा वाचली असणार. पण त्या बोलल्या ते एवढंच, "अच्युतराव, पेटी कुठे असावी, तुमच्या मते?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "मागे. कपडे वाळत घालतात तिथे. मोठी माणसं तिकडे फिरकत नाहीत."

"लिहून काढा," बाई म्हणाल्या.

प्रयोग बारा वसतिगृहांत सहा महिने चालायचा होता. पेटी वाळवणीच्या दोरीपाशी. किल्ली मुलींनीच निवडलेल्या दोघींकडे. दर शनिवारी दुसऱ्या गावच्या शाळेतल्या एका शिक्षिकेसमोर पेटी उघडायची आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचून मग भोपाळला पाठवायच्या. मात्र ज्या चिठ्ठीला चार घड्या, ती कोणी उघडायची नाही, ती थेट भोपाळला. लिहिता येत नसेल तिने चित्र काढावं. नियम एवढेच. धोरणाचा मसुदा पाऊण पानात बसला, मंजुरीला मात्र सहा महिने लागले. संस्थेच्या इतिहासात एवढं छोटं काही निघालं नव्हतं, आणि टंकलेखकाने उरलेलं पान कुठे गेलं म्हणून दोनदा विचारलं.

पहिल्या दोन शनिवारी पेट्या रिकाम्याच निघाल्या. तिसऱ्या शनिवारी एका पेटीत एक चिठ्ठी सापडली, 'सुप्रिया घोरते.' बाईंनी संस्थेत पेढे वाटले. त्यानंतर मात्र धरण फुटल्यासारखं झालं. डाळीत पाणी. पाण्यात जंतू. पोटात दुखतं तेव्हा सांगायला कोणी नाही. घरून आलेली पत्रं आधीच फोडलेली असतात. रविवारी भजी हवीत. एका लहानीने नुसता अंधार काढला होता, पानभर काळा, आणि कोपऱ्यात दार.

बाई रोज सकाळी नऊ ते दहा दार लावून चिठ्ठ्या वाचत. प्रत्येक. स्वतः. समासात पेन्सिलीने लिहीत. त्या तासात मंत्र्यांचा फोन आला तरी शिपाई सांगे, "मैडम पढ़ रही हैं।" त्याच्या स्वरावरून पलीकडच्याला वाटे पूजाच चालू आहे.

एका सकाळी त्यांनी अच्युतरावांना आत बोलावलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. पिंकी नावाच्या आठवीतल्या मुलीची होती. न्हाणीघराला आतून कडी नाही, म्हणून एक आंघोळ करते तेव्हा दुसरी दार धरून उभी राहते. जी धरते तिचा पहिला तास बुडतो. पहिला तास गणिताचा.

बाईंनी जिल्हा अधिकाऱ्यांना फोन लावला. अधिकारी म्हणाले, प्रस्ताव पाठवलाय.

"कडीचा?"

"जी मैडम। प्रक्रिया में है।"

"ठीक है," बाई शांतपणे म्हणाल्या. "मैं लाइन पर हूँ। आप लगवाकर आइए।"

आणि त्या खरोखर लाइनवर राहिल्या. फोन स्पीकरवर टाकून दोन तास दहा मिनिटं. तेवढ्यात त्यांनी तीन फायली संपवल्या, पोलिसांच्या प्रशिक्षणाचा एक धडा तपासला, अर्धी पोळी खाल्ली. फोनमधून जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुकानदाराशी घासाघीस, मग हातोडा. शेवटी धापा टाकत अधिकारी म्हणाले, "मैडम, लग गई।" मागून कोणीतरी मुलगी कडी लावून-काढून बघत होती. खट्. खट्. खट्. अच्युतरावांनी खिडकीबाहेर बघण्याचं निमित्त केलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरकार चालतानाचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

चार घड्यांच्या चिठ्ठ्या थोड्याच आल्या. त्यांतली एक अशी होती, की बाईंनी ती कोणालाच दाखवली नाही. एका अधीक्षिकेचा दीर वसतिगृहात ये-जा करत होता. दुसऱ्या दिवशी तो पोलिसांत होता आणि अधीक्षिका निलंबित. ती चिठ्ठी आली त्या दिवशी बाई दहा वाजून गेले तरी बाहेर आल्या नाहीत.

सहा महिन्यांचं विवरण तयार झालं. तक्रारी अकराशे त्रेचाळीस. निकाली नऊशे सदुसष्ट. अच्युतरावांनी ते फितीत बांधून वर पाठवलं, आणि वर आकाश फाटलं.

विभागाचे अपर मुख्य सचिव विक्रांत सहाय चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतल्या बंगल्यात राहत. सज्जन, मितभाषी, बागकामाची आवड. आकडा वाढलेला मात्र त्यांना बघवत नसे, तो झेंडूचा असला तर गोष्ट वेगळी. विधानसभेत प्रश्न आला तर काय सांगायचं? काल शून्य होतं, आज अकराशे? बावीस तारखेला बैठक ठरली. विषय एकच: प्रयोग समाप्त करणे व पूर्वीचे परिपत्रक पुनश्च लागू करणे. म्हणजे पेट्या परत अधीक्षिकांच्या दाराशी, किल्ल्या परत त्यांच्या कमरेला. आणि ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्या मुली तिथेच, त्याच दाराआड.

अच्युतराव एकतीसला निवृत्त होणार होते.

एकवीसच्या संध्याकाळी रजनीताई अवधपुरीच्या घरात मेथी निवडत बसल्या होत्या. "तिसऱ्यांदा चष्मा पुसताय. उद्या काय आहे एवढं?"

अच्युतरावांनी सगळं सांगितलं. परिपत्रकाचंही. बायकोला त्यांनी सरकारी कागदाबद्दल इतकं खरं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ती पेटी तुम्ही लावलीत."

"परिपत्रक मी काढलं. पेटी जिल्ह्याने लावली."

"आणि मुली गप्प बसल्या त्या कोणी बसवल्या? तालुक्याने?"

"अगं, छत्तीस वर्षांत माझ्या नावावर एक ठिपका नाही. नऊ-दहा दिवस राहिलेत. बोललो तर नोटीस येईल. नोटिशीमागून चौकशी. मग माझी पेन्शनची फाईल अडकेल."

"कोणाकडे?"

अच्युतरावांनी विचार केला. "माझ्यासारख्याच कोणाकडे तरी."

"मग काळजीच आहे," रजनीताईंनी मेथीची काडी मोडली. "हे बघा, बोला असं मी सांगणार नाही. तुमचं ऑफिस, तुम्ही जाणा. पण नाही बोललात तर घरी येऊन तोंड पाडून बसायचं नाही. एक तारखेपासून ते तोंड चोवीस तास मलाच बघायचंय."

सकाळी मंत्रालयात जाताना जीपमध्ये अच्युतराव एकदम म्हणाले, "मॅडम, ते पूर्वीचं परिपत्रक..."

"वाचलंय. सही सुरेख आहे तुमची."

"त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत काही."

"तुम्हाला दिसलं होतं की. एकाच चुकीकडे दोघांनी बघत बसून काय करायचं?" बाई खिडकीबाहेर तलावाकडे बघत हसल्या. "माझं पहिलं प्रशिक्षण सांगू? विड्या वळणाऱ्या बायकांना मी सलग तीन तास त्यांचे हक्क शिकवले. मधे एकीलाही पाणी प्यायला उठू दिलं नाही. शेवटी एका म्हातारीने हात वर करून विचारलं, 'बाई, तहान लागायचा हक्क तुमच्या पुस्तकात कितव्या पानावर आहे?' तेव्हापासून मी जरा कमी बोलते."

"मग आज मी..."

"ते मी सांगणार नाही, अच्युतराव. माझ्या प्रयोगासाठी तुमची नोकरी पणाला लावायची, आणि वर हक्क शिकवायचे? तेवढी निगरगट्ट नाही झाले अजून."

बैठकीत अकरा माणसं होती. सहायसाहेब म्हणाले, "डॉक्टर साहिबा, हम सब आपका बहुत सम्मान करते हैं।" त्या इमारतीत या वाक्याने सुरू झालेली कुठलीही गोष्ट कधी मंजूर झाली नव्हती.

बाईंनी भाषण केलं नाही. पिंकीची चिठ्ठी वाचली, कडी बसल्याची तारीख सांगितली, खाली बसल्या. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, भावना ठीक आहेत, पण जुनी व्यवस्था एका समितीने पूर्ण विचारांती केली होती, चौदा वर्षं ती एका तक्रारीशिवाय चालली. त्यांनी मूळ फाईलसाठी हात पुढे केला.

बैठकीत अच्युतरावांचं काम हेच. हात पुढे आला की त्यात फाईल ठेवायची. छत्तीस वर्षांत एकही हात रिकामा परतला नव्हता. आज फाईल त्यांनी छातीशी धरली आणि ते उभे राहिले.

"सर, वह समिति मैं था।"

"मतलब?"

"तीन सदस्य थे। दो इंदौर गए थे, शादी में। लौटकर दस्तख़त कर दिए।"

"और फ़ाइल में जो लिखा है, गहन विचार-विमर्श?"

"वह मैंने किया था, सर। अकेले। खाने के बाद।"

खोलीत कोणीतरी खोकलं. अच्युतरावांचं तोंड मात्र सुटलं ते सुटलंच. मीठ, शेरा, 'दृष्टिपथात', सगळं सांगितलं. मग सांगितलं, की आपण स्वतः त्या पेटीपुढे उभे राहिलो आणि कागद टाकता आला नाही.

"क्या लिखा था आपने?" साहेबांनी विचारलं.

"चाय बहुत मीठी थी।"

टोकाला एक सहसचिव हसला, आणि इतर कोणी हसत नाही हे पाहून त्याने हसू गिळलं.

"सर, मैं राजपत्रित अधिकारी हूँ। महासंचालक मेरे पीछे खड़ी थीं। फिर भी चाय की शिकायत नहीं डाल सका। जिस बच्ची को अधीक्षिका के देवर के बारे में लिखना था, वह उस पेटी में कैसे डालती? उसने नहीं डाली, सर। और मैं हर तिमाही लिखता रहा कि सब ठीक है।"

सहायसाहेब माणूस वाईट नव्हते, फक्त फार उंचावरून बघत होते. त्यांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली, पहिल्यांदाच स्वतः वाचली, आणि मग हळूच म्हणाले, "मगर विधानसभा में क्या कहेंगे?"

बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्यांनी एक पान पुढे सरकवलं. मुलींनी काय सांगितलं, सरकारने काय केलं, किती दिवसांत केलं. सरासरी नऊ दिवस. "पूछें तो यह पढ़ दीजिए, सर। न पूछें, तो भी पढ़ दीजिए।"

साहेबांनी पान दोनदा वाचलं. चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं. "नौ दिन? यह तो हमारी उपलब्धि है।"

"जी सर," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. "आपकी ही है।"

प्रयोग सगळ्या वसतिगृहांना लागू झाला. उठता उठता साहेब म्हणाले, "पांढरीपांडे जी, उस परिपत्रक की जाँच तो होगी।"

"होनी चाहिए, सर," अच्युतराव म्हणाले, आणि हे आपणच म्हणालो का, याचं जिन्यापर्यंत नवल करत राहिले.

बाईंनी शाबासकी दिली नाही. जीपमध्ये बसताच म्हणाल्या, "आदेश आजच निघाला पाहिजे. सोमवारपर्यंत ऊन टिकेल याचा भरवसा नाही."

ई-मेल चार वाजताच गेला. पण मेलला शिक्का नसतो, आणि शिक्का नसलेला हुकूम वसतिगृहात कोणी भिंतीवर लावत नाही. आवक-जावकचा कारकून साडेपाचला घरी गेला होता. अच्युतरावांनी जुनं परिपत्रक रद्द केल्याची ओळ स्वतः लिहिली, सही केली, मग आयुष्यात प्रथमच जावक रजिस्टर स्वतः उघडलं. वर बघतात तो समोर महासंचालक, पदर खोचून, डिंकाची बाटली घेऊन बसलेल्या. पंचावन्न जिल्हे, पंचावन्न पाकिटं. ते शिक्का मारत होते, बाई चिकटवत होत्या. संस्थेच्या टेकडीखाली दिवे लागायला लागले होते.

"मॅडम, नोटीस येईल मला."

"येईल की. मी साक्षीला येईन. रजा टाकून येईन."

अच्युतरावांनी पाच-सहा शिक्के मारले. छाती उगाच हलकी वाटत होती. "उत्तराचा मसुदा मीच करतो, मॅडम. तेवढं जमतं मला."

"नको," बाई पाकिटाची कड बोटाने दाबत म्हणाल्या. "तुमच्या मसुद्यांची मला भीती वाटते. उत्तर वहिनींकडून लिहून आणा."